जस्त पळतं, शिसं बसून राहतं: सेरो गॉर्डोच्या खाणीची गोष्ट

निपाणीचे एक निवृत्त शिक्षक मुलाकडं लॉस एंजेलिसला गेले होते. तिथून साडेतीनशे किलोमीटरवर, इन्यो डोंगररांगेत सेरो गॉर्डो नावाची जुनी खाण आहे. मुलानं ती दाखवली. परत आल्यावर सरांनी तीन प्रश्न आणि एक फोटो पाठवला. वाळवंटातल्या डोंगराच्या माथ्यावर चांदी आली कुठून? ही खाण आधी शिसं-चांदीसाठी चालली आणि तीसेक वर्षांनी पुन्हा जस्तासाठी, मग पहिल्या लोकांना जस्त दिसलं नव्हतं का? आणि तिसरा, सौंदत्तीकडं मेव्हण्यांच्या बोअरमधून चमकणारा चुरा निघालाय, तर आपल्या जिल्ह्यात असं काही असेल का? फोटो आहे एका पांढऱ्या दगडाचा. वाटेतल्या दुकानात घेतलेला. घरात सगळे म्हणाले, अमेरिकेला जाऊन फरशीचा तुकडा आणलात!

सर, दगडाकडं शेवटी येतो. तो फेकू नका एवढंच आत्ता सांगतो.

माझी नोकरी राजस्थानात शिसं-जस्ताच्या खाणींत गेली. जन्म बेळगावचा. त्यामुळं तुमच्या तिन्ही प्रश्नांचं उत्तर मला एकाच गोष्टीत दिसतं, ती म्हणजे पाणी. खडकातलं पाणी काय घेऊन जातं आणि काय मागं ठेवतं, यावर खाणीचं नशीब ठरतं. आपल्या घाटावर बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचा दगड का आहे आणि सेरो गॉर्डोला जस्त का सापडलं, याचं कारण तेच. फक्त पाण्याचं माप वेगळं.

तुम्ही ज्याला वाळवंट म्हणता ते पर्जन्यछायेचं वाळवंट आहे. हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. कणकुंबीला पाऊस थांबता थांबत नाही आणि त्याच जिल्ह्यात अथणी-रायबागकडं जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर. आपल्याकडं सह्याद्री जे करतो, ते तिथं सिएरा नेवाडा करते. पण ती रांग चार हजार मीटरच्या वर जाते, आणि तिच्यापलीकडं ओवेन्स खोऱ्यात वर्षाला दीडशे मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही. त्या खोऱ्याच्या पूर्वेचा डोंगर म्हणजे इन्यो. सेरो गॉर्डो हे स्पॅनिश नाव, अर्थ 'जाडा डोंगर'. वस्ती सुमारे २,६०० मीटर उंचीवर, आणि ओवेन्स तळ्याचा तळ तिथून जवळजवळ दीड हजार मीटर खाली.

आता खडक. माथ्यावरचा पांढरट-करडा दगड पाहिलात तो संगमरवरात बदललेला चुनखडक, डेव्होनियन काळातला, म्हणजे साधारण सदतीस-अडतीस कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साठलेला. त्यानंतर खूप काळानं, सिएराचा ग्रॅनाइट तयार होत होता त्या मेसोझोइक युगात, इन्योच्या पोटातही वितळलेला खडक शिरला. त्याच्या उष्णतेनं खारट गरम पाणी भेगांतून वर चढू लागलं. अशा पाण्यात शिसं, जस्त, चांदी विरघळलेली असतात, क्लोराइडच्या सोबतीनं. हे पाणी आम्लधर्मी. चुनखडकाला भेटलं की आम्ल मरतं, आणि धातू गंधकाशी जोडी जमवून तिथंच बसतात. चुनखडक विरघळतो आणि त्याच्या जागी शिशाचं सल्फाइड म्हणजे गॅलेना, जस्ताचं सल्फाइड म्हणजे स्फॅलेराइट येतं. जागेची अदलाबदल. म्हणून अशा खाणीत धातुक, म्हणजे धातू देणारा दगड, पानभर पसरलेलं नसतं. जिथं दोन भेगा एकमेकींना छेदतात तिथं ते उभ्या धुराड्यासारखं खाली जातं. खाणकामगार त्याला चिमणीच म्हणतात, आणि सेरो गॉर्डोत अशा चिमण्या नावानिशी ओळखल्या जायच्या. चिमणी संपली की संपली. दहा हात बाजूला पुन्हा कोरा दगड.

चांदी वेगळी दिसत नाही. ती गॅलेनाच्या पोटात लपलेली असते, काही टेट्राहेड्राइट नावाच्या खनिजाच्या बारीक कणांत. म्हणून शिसं काढल्याशिवाय चांदी नाही, हे मनात ठेवा, पुढं लागेल.

इथवरची गोष्ट जगातल्या शंभर खाणींना लागू पडेल. सेरो गॉर्डोची खरी गंमत यानंतर सुरू होते, आणि माझ्या मते तिथल्या फलकांवर नेमकी तीच सांगितलेली नसते.

डोंगर उचलला गेला, झिजला, आणि भूजलाची पातळी खोल गेली. वरचं धातुक ओलं-कोरडं होत हवेत उघडं पडलं. सल्फाइडला ऑक्सिजन मिळाला की सल्फेट होतं. इथं शिसं आणि जस्त यांच्या वाटा फुटतात. शिशाचं सल्फेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, एका लिटरात चाळीसेक मिलिग्रॅम. जस्ताचं सल्फेट त्याच एका लिटरात अर्ध्या किलोपेक्षा जास्त विरघळतं. म्हणजे शिसं गॅलेनाच्या अंगावर राखाडी साल होऊन तिथंच बसतं, हळूहळू सेरुसाइट नावाचं कार्बोनेट बनतं, पण जागा सोडत नाही. चांदीही बरीचशी त्याच्यासोबत राहते. जस्त मात्र पहिल्या थेंबाबरोबर निघून जातं.

जास्त पावसाच्या मुलखात ते नदीला मिळालं असतं. इथं पाणीच इतकं थोडं की जस्ताला लांब जाता आलं नाही. चिमणीतून खाली-बाजूला झिरपलं, चुनखडकाला भेटलं, आणि पुन्हा तीच अदलाबदल. चुनखडकाच्या जागी जस्ताचं कार्बोनेट बसलं. त्याचं नाव स्मिथसोनाइट. मूळ शिशाच्या धुराड्याला लागूनच खालच्या भिंतीत पांढऱ्या, करड्या, कुठं निळसर स्मिथसोनाइटचे साठे तयार झाले. दिसायला अगदी चुनखडक. निसर्गानं दोन धातू निवडून वेगळे करून ठेवले, पण दुसऱ्यावर चिठ्ठी लावली नाही.

आता माणसं. १८६५ मध्ये पाब्लो फ्लोरेस या मेक्सिकन शोधकानं इथं चांदीचं धातुक शोधलं असं मानतात. सुरुवातीचे खाणवाले बहुतेक मेक्सिकन, आणि त्यांनी लहान दगडी भट्ट्यांत माल आटवला. मग व्हिक्टर बोड्री हा व्यापारी आला. दुकान टाकलं, खाणवाल्यांना उधारीवर माल दिला आणि उधारी बुडाली की खाणीतला हिस्सा घेतला. हे वाचताना मला आपल्या बाजारपेठेतले काही जुने अडत्ये आठवले, असो.

खरा धूर्त माणूस मॉर्टिमर बेलशॉ. १८६८ मध्ये आला. त्यानं पाहिलं की आसपासच्या छोट्या खाणींत चांदी आहे पण ती गारगोटीत अडकलेली आहे. भट्टीत असा माल सुटा आटवता येत नाही, चांदी गोळा करायला शिसं लागतं. वितळलेलं शिसं चांदीला शोषून घेऊन तळाशी बसतं. हुपरीत ज्यांनी जुने कारागीर सोनाराच्या भट्टीतला केर आटवताना पाहिलेत, त्यांना हे नवीन नाही. आणि भरपूर शिसं होतं फक्त सेरो गॉर्डोतल्या युनियन नावाच्या खाणीत. बेलशॉनं चांदीच्या मागं न लागता युनियनमधला हिस्सा मिळवला. शिसं ज्याच्या हातात, त्याच्या दारात सगळ्यांना यावं लागणार! मग त्यानं डोंगरावर चढणारा तेरा किलोमीटरचा रस्ता बांधला. पिवळ्या दगडातून कोरलेला म्हणून यलो रोड. त्यावर टोल बसवला. भट्टी त्याची, शिसं त्याचं, रस्ता त्याचा.

भट्टीतून निघायच्या त्या विटा शिसं-चांदीच्या एकत्र. एका विटेचं वजन साधारण ८५ पौंड, म्हणजे अडतीस-एकोणचाळीस किलो. वजनानं जवळजवळ सगळं शिसं, किमतीत मोठा वाटा चांदीचा. शुद्धीकरण सॅन फ्रान्सिस्कोला. म्हणजे खेचरांच्या गाड्यांनी लॉस एंजेलिसला न्यायचं आणि तिथून बोटीनं. वाटेत ओवेन्स तळं आडवं. त्याला वळसा घालायला दिवस जायचे, म्हणून १८७२ मध्ये तळ्यात 'बेसी ब्रेडी' नावाची वाफेची बोट सोडली. वाळवंटात आगबोट! तरी उपयोग असा झाला की बोट भराभर विटा पलीकडं टाकायची आणि गाड्या उचलू शकायच्या नाहीत. तळ्याकाठी हजारो विटा साठल्या, लोकांनी त्या रचून आडोसे केले. रेमी नादो या वाहतूकदाराची कंपनी १८७३ मध्ये उभी राहिली तेव्हा हा गुंता सुटला. १८७० मध्ये लॉस एंजेलिसची लोकसंख्या होती ५,७२८. खानापूरहून लहान गाव ते. नादोच्या खेचरांना लागणारं जव आणि गवत विकून तिथल्या शेतकऱ्यांच्या हातात पैसा खेळू लागला.

पाणी डोंगरावर नव्हतंच. सुरुवातीला खेचरांच्या पाठीवरून यायचं, १८७४ मध्ये दूरच्या झऱ्यावरून नळ टाकला. जळण तसंच. आसपासची पायनची झाडं कोळशासाठी तोडून संपली, मग तळ्यापलीकडून, सिएराच्या उतारावरून लाकूड आणि कोळसा आणायला लागले. कोरडेपणानं धातुक वेगळं करून दिलं खरं, पण त्याची किंमतही वसूल केली.

तर पहिल्या लोकांना जस्त दिसलं का? काहींना नक्की कळत असणार. पण त्यांच्या लेखी ते शत्रू होतं. जस्त ९०७ अंशांना उकळतं. शिशाच्या भट्टीत ते वाफ होऊन वर जातं, हवा लागली की पांढरी राख बनून धुराड्याच्या गळ्यात साचतं, नाहीतर मळीत, म्हणजे भट्टीतल्या वितळलेल्या टाकाऊ दगडात जाऊन ती चिकट करतं. जस्त पकडायचं तर बंद भांडं हवं, कोळशाबरोबर हजार अंशांच्या वर तापवायचं आणि वाफ हवा न लागता थंड करायची. सेरो गॉर्डोच्या उघड्या भट्टीत हे शक्यच नव्हतं.

इथं थोडं विषयांतर करतो, कारण छाती फुगते. उदयपूरजवळच्या झावरला हेच काम निदान सहा-सातशे वर्षांपूर्वी कारखान्यासारखं चालायचं. एका भट्टीत छत्तीस मुशी, उलट्या टांगलेल्या, नळी खालच्या गार खोलीत. वाफ खाली उतरायची आणि थेंब थेंब जस्त जमायचं. मुशीचा आकार वांग्यासारखा, आणि 'रसरत्नसमुच्चय' ग्रंथात तिला वृंताक मूषा म्हणजे वांगं-मूसच म्हटलंय. युरोपात विल्यम चॅम्पियननं जस्त गाळायचं पेटंट घेतलं ते १७३८ मध्ये. झावरच्या त्या गावात आजही घरांच्या भिंती वापरलेल्या मुशींच्या आहेत, मी हात लावून पाहिल्यात. आणि आपल्या राज्यातलं बिदरी काम? ती काळी सुरई जवळजवळ सगळी जस्ताचीच, थोडं तांबं, वर चांदीची तार. तुमच्या कपाटात असेल तर शिसं वगळून सेरो गॉर्डोतले बाकीचे दोन्ही धातू एकत्र पाहायला मिळतील.

पहिला डाव १८७०च्या दशकाच्या शेवटी संपला. युनियनमधल्या ओळखीच्या चिमण्या आटल्या, १८७७ मध्ये आग लागली, खाणीच्या मालकीवरून कोर्टकज्जे झाले, आणि शिसं-चांदीचा भाव घसरला. चांदीची ती घसरण सेरो गॉर्डोपुरती नव्हती. युरोप-अमेरिकेनं सोन्याचा आधार धरला आणि चांदी सोडली. आपला रुपया चांदीचा, म्हणून तोही पडला. १८७०च्या सुमारास दोन शिलिंगांना जवळपास असलेला रुपया १८९३ पर्यंत सव्वा शिलिंगावर आला आणि सरकारनं टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. बेलशॉची शेवटची वीट आणि आपल्या पणजोबांच्या गाठोड्यातला रुपया एकाच उतारावरून घसरत होते. १८७९ पर्यंत भट्ट्या विझल्या. आणि रेल्वे? नॅरो गेज गाडी डोंगराच्या पायथ्याला, कीलरला पोचली १८८३ मध्ये! माल होता तेव्हा गाडी नव्हती.

ती गाडी वाया मात्र गेली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जुन्या मळीवर आणि टाकून दिलेल्या मालावर लोक परतले, आणि १९११ पासून लुई गॉर्डन या माणसानं पांढऱ्या दगडावर लक्ष केंद्रित केलं. जुन्यांनी शिशाच्या चिमण्या पोखरून काढल्या होत्या, त्यांच्या पोकळ्यांच्या भिंती स्मिथसोनाइटच्या होत्या. म्हणजे जस्ताच्या खाणीचे बोगदे आयते खोदून तयार. रोपवेनं माल कीलरला, तिथून रेल्वेनं बाहेर. मनोरे तुम्ही वाटेत पाहिले असतीलच. पहिलं महायुद्ध आलं, काडतुसांना पितळ लागतं, पितळेला जस्त. काही वर्षं ही अमेरिकेतली उच्च प्रतीच्या जस्त-कार्बोनेटची मोठी खाण होती.

पांढऱ्या दगडाला फसणं किती सोपं आहे ते मी अनुभवलंय. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, राजस्थानातल्या एका जुन्या खाणीच्या तोंडाशी पृष्ठभागाचा नकाशा करत होतो. एक पांढरा, स्पंजासारखा दगड मी वहीत 'डोलोमाइट, झिजलेला' म्हणून नोंदवला आणि पुढं गेलो. संध्याकाळी आमच्या मिस्त्रीनं, म्हणजे शाळा न शिकलेल्या माणसानं, तोच दगड माझ्या हातात ठेवला आणि एवढंच विचारलं, 'साहेब, हा जड नाही वाटत?' रंग पाहिला होता, वजन पाहिलं नव्हतं. पुढच्या दिवशी त्यावर आम्ही जस्त दाखवणारं रसायन टाकलं. क्षणात नारिंगी-लाल. तेव्हापासून मी दगड आधी हातात घेतो, मग बघतो.

जाता जाता तळ्याबद्दल. तुम्ही विचाराल की आगबोट चालली ते पाणी कुठं गेलं. १९१३ मध्ये लॉस एंजेलिसनं कालवा काढून ओवेन्स नदी पळवली आणि १९२६ पर्यंत तळं कोरडं पडलं. खेचरांच्या जवावर वाढलेल्या शहरानंच पुढं त्या खोऱ्याचं पाणी प्यायलं. कोरड्या तळाची खारट धूळ पुढं अनेक दशकं अमेरिकेतली धुळीची मोठी समस्या बनली. म्हादई-मलप्रभेवर भांडणाऱ्या आपल्या लोकांनी तिकडं एकदा जाऊन यावं असं मला वाटतं, कुठल्याही बाजूचे असले तरी.

आता बेळगाव. जिल्ह्याचा उत्तर-पश्चिम भाग दक्खनच्या बेसाल्टखाली आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात पोकळ्या असतात, त्यांत झिओलाइट, कॅल्साइट, स्फटिक चमकतात, धातू नाही. खानापूर-चंदगडच्या सड्यांवर जांभा आणि बॉक्साइट. तिथं पावसानं इतकं धुतलं की सिलिका, चुना, सोडा, सगळं वाहून गेलं आणि अजिबात न हलणारे ॲल्युमिनियम आणि लोह तेवढे उरले. तिथं जस्त असतं तरी पहिल्याच हजार वर्षांत गोव्याच्या समुद्राला मिळालं असतं.

मेव्हण्यांची सौंदत्ती मात्र वेगळी. तिथं आणि गोकाक-रामदुर्गकडं कलादगीचे खडक वर येतात. गोकाकचा धबधबा ज्यावरून पडतो ते क्वार्टझाइट त्यातलेच, आणि लोकापूर-बागलकोटकडं चुनखडक आणि डोलोमाइटही आहेत, सिमेंटवाले तेच खणतात. चुनखडक आहे म्हटल्यावर तुमचे डोळे चमकतील. पण चुनखडक म्हणजे रिकामं भांडं. त्यात काही ओतायला खालून उष्ण धातूभरलं पाणी यायला लागतं, आणि ते येण्याच्या खुणा असतात: बदललेला संगमरवर, गंजाची जाड टोपी, शिरा. फक्त चमक ही खूण नाही.

बोअरच्या चुऱ्याची परीक्षा घरी होते. चिमूटभर चुरा पाण्याच्या वाटीत टाका. पातळ पापुद्रे तरंगत फिरत बसले तर अभ्रक. कण मोठे असतील तर फरशीच्या मागच्या, चकाकी नसलेल्या बाजूवर घासा. लालसर रेघ उमटली तर चमकणारं हेमेटाइट, म्हणजे लोखंड. हिरवट काळी तर पायराइट, मूर्खांचं सोनं. गॅलेनाची रेघ शिसपेन्सिलीसारखी करडी असते, आणि कण फोडला की बारीक चौकोनी ठोकळेच पडतात, कितीही बारीक केलात तरी. माझा अंदाज पहिल्या दोहोंपैकी एक. करडी रेघ आली तर मात्र तो चुरा मुलांच्या हाताला लागू देऊ नका, आणि मला फोन करा.

आणि तुमचा पांढरा दगड. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. आधी दगड कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा, दगड दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडवून टांगा, तळाला टेकू देऊ नका. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढं दगडाचं आकारमान. पहिल्या आकड्याला दुसऱ्यानं भागा. २.७ च्या आसपास आलं तर घरचे बरोबर, फरशीच आहे. साडेतीनच्या वर, चार-सव्वाचारकडं गेलं तर बहुधा स्मिथसोनाइट. भोकं असतील तर थोडं कमी येईल. एक गोष्ट मात्र फसवते, बॅराइटही तितकंच जड आणि पांढरं. त्यासाठी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा कोमट थेंब लागतो, स्मिथसोनाइट फसफसतं, बॅराइट ढिम्म बसतं. ते आम्ल घरात आणू नका, तुमच्या जुन्या शाळेच्या प्रयोगशाळेत असेल. दोन्ही आकडे मला कळवा, आणि पुढच्या वेळी फोटोत दगडाशेजारी रुपयाचं नाणं ठेवा.